‘नॉर्मल’ अहवालाखाली एक ओळ छापावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत हातापायांना येणाऱ्या मुंग्या आणि तळव्यांची आग यांविषयी नुकताच जो लेख आला, त्यात मधुमेह आणि ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता या दोन कारणांचा परामर्श चांगला घेतला होता. मात्र एनसीव्ही, म्हणजे मज्जातंतूंतून संदेश किती वेगाने जातो ते मोजणारी तपासणी, नॉर्मल आली तर मज्जातंतूंची काळजी करण्याचे कारण नाही, असे जे विधान लेखाच्या अखेरीस होते, ते अपुरे आहे. नेमक्या याच समजुतीपायी माझ्या घरची अडीच वर्षे वाया गेली असल्यामुळे हे पत्र नेहमीच्या पत्रापेक्षा लांब होत आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

मी डॉक्टर नाही. ठाणे-बेलापूर रस्त्यावरील एका रासायनिक कारखान्यात ३१ वर्षे इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन म्हणून नोकरी करून निवृत्त झालो. आमच्या कामात नव्या पोराला पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट शिकवली जाते: काटा शून्यावर दिसला म्हणून पाइपात दाब नाही असे समजून नट सोडायचा नाही, आधी गेजची, म्हणजे दाबमापकाची, रेंज बघायची. शंभर किलोच्या गेजवर पाव किलोचा दाब दिसतच नाही, पण तेवढ्यानेही गरम द्रव अंगावर उडतो. ही साधी गोष्ट मी इतरांना शेकडो वेळा सांगितली असेल. पत्नीच्या अहवालाकडे बघताना ती मला आठवली नाही, हा दोष माझाच.

पत्नी नवी मुंबईतील एका महापालिका शाळेत शिक्षिका आहे. ५२ व्या वर्षी तिच्या तळव्यांची आग सुरू झाली. प्रथम आम्ही उन्हाळ्यावर आणि दिवसभर उभे राहण्यावर ढकलले. मग रात्री पायांवर चादरसुद्धा सहन होईना. पलंग सोडून ती उघड्या लादीवर पाय टेकवून बसू लागली, बादलीत पाय बुडवून पहाट करू लागली. ट्रान्स हार्बरच्या गाडीत चप्पल काढून सीटखालच्या लोखंडी पट्टीला तळवे लावून बसलेली मी तिला पाहिली आहे. एकदा अंघोळीच्या वेळी कढत पाणी पायांवर ओतले गेले आणि ते कढत आहे हे तिला पायांनी नव्हे, हाताने कळले. एकीकडे आग, दुसरीकडे ऊन-गार न कळणे, हे दोन्ही एकाच माणसाला एकाच वेळी कसे होईल, असे आम्हालाच वाटत होते. मग ऐकणाऱ्याला ती अतिशयोक्ती वाटली तर नवल नव्हते.

या काळात तिची एनसीव्ही तपासणी दोन वेळा झाली आणि दोन्ही वेळा अहवालावर ‘नॉर्मल’ असा शेरा आला. त्या एका शब्दाने पुढचे सगळे ठरले. कुणी कॅल्शियम दिले, कुणी पाळी जाण्याच्या वयावर बोट ठेवले, आणि तिसऱ्या ठिकाणी, माझ्यासमोर, तिला मन कशात तरी रमवायला सांगण्यात आले. ज्या बाईचे मन ४६ पोरांच्या वर्गात दिवसभर रमलेले असते तिला हा सल्ला! मानसोपचाराला आमची हरकत नव्हती. दीर्घ वेदनेने झोप आणि उमेद जातेच, आणि त्यावर उपचार घ्यावेच लागतात. पण वेदना मनातून येते असे ठरवले, की पायांकडे बघणे थांबते.

एनसीव्ही काय मोजते हे मी नंतर समजून घेतले. त्वचेवरून विजेचा हलका झटका देऊन मज्जातंतूतून संदेश किती वेगाने आणि किती जोराने जातो ते या तपासणीत पाहतात. हा संदेश नोंदला जातो तो मुख्यतः जाड, मेदाचे जाड आवरण असलेल्या तंतूंचा. त्यांचा वेग सेकंदाला साधारण ४० ते ६० मीटर असतो, आणि स्नायूंची हालचाल, स्पर्श, कंप व सांध्यांच्या स्थितीची जाणीव त्यांच्याकडे असते. वेदना आणि ऊन-गार यांची जाणीव वाहून नेणारे तंतू याहून फार बारीक असतात. त्यांपैकी ‘सी’ तंतूंना मेदाचे आवरणच नसते आणि त्यांचा वेग सेकंदाला अर्धा ते दोन मीटर, म्हणजे माणसाच्या चालण्याइतका असतो. घाम येणे, नाडीचा वेग, रक्तदाब सांभाळणे, आतड्यांची हालचाल अशी आपल्या नकळत चालणारी कामेही अशाच बारीक तंतूंवर अवलंबून असतात. हे तंतू सुकून गेले तरी जाड तंतू शाबूत असतील, तर एनसीव्ही नॉर्मलच येणार. यंत्र बरोबर असते, तंत्रज्ञ बरोबर असतो, अहवालही बरोबर असतो. फक्त जो प्रश्न विचारलाच नव्हता त्याचे उत्तर आपण त्यातून काढतो. या विकाराला इंग्रजीत ‘स्मॉल फायबर न्यूरोपथी’ म्हणतात. मराठीत बारीक तंतूंचा विकार म्हणायला हरकत नसावी.

निदानाची वाट सापडली ती ठाण्याच्या नौपाड्यातील एका वयस्कर फिजिशियनांकडे, आणि तीही यंत्राविना. त्यांनी ट्यूनिंग फोर्क वाजवून घोट्याच्या हाडावर ठेवला. कंप तिला उत्तम कळला. गुडघ्याखाली हातोडी मारली, पाय नीट उडाला. मग त्याच फोर्कचा गार पोलादी दांडा त्यांनी तळव्याला, नंतर पोटरीला आणि मग मांडीला लावला, आणि गारवा कुठून कळायला लागतो ते विचारले. तो गुडघ्याच्या जरा खालून कळू लागला. दातकोरणीच्या टोकानेही तसेच. त्यानंतर तिला झोपवून रक्तदाब घेतला, उभे करून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला पुन्हा घेतला, तर वरचा आकडा २० हून अधिक उतरला होता. वर्गात खुर्चीवरून उठताना येणारी भोवळ आम्ही अशक्तपणाच्या खात्यात टाकली होती, तिचा उलगडा असा झाला. सगळे मिळून वीस मिनिटे लागली असतील.

त्यांचा पुढचा प्रश्न मला पूर्णपणे अनपेक्षित होता. त्यांनी विचारले, ‘बाई, डोळ्यांत रेती गेल्यासारखे होते का? भाकरीचा घास पाण्याशिवाय उतरतो का?’ तो उतरत नव्हता. वर्षभर ती ताटाशेजारी तांब्या घेऊनच जेवत होती, आणि शाळेत बोलून घसा सुकतो असे आम्ही धरून चाललो होतो.

त्यांना संशय आला तो शोग्रेन विकाराचा. स्वीडनचे नेत्रतज्ज्ञ हेन्रिक शोग्रेन यांनी १९३३ मध्ये आपल्या प्रबंधात त्याचे सविस्तर वर्णन केले, म्हणून हे नाव. शरीराची रोगप्रतिकारशक्ती आपल्याच अश्रू व लाळेच्या ग्रंथींवर उलटते, आणि काहींमध्ये मज्जातंतूंनाही इजा पोहोचवते. रुग्णांत स्त्रियांचे प्रमाण पुरुषांच्या कित्येक पट आहे. कोरडेपणा लक्षात येण्याआधीच पायांची आग सुरू झाली असेही घडते, आणि मग या दोन तक्रारींचा संबंध कुणी जोडत नाही. डोळ्यांची तक्रार एका डॉक्टरकडे, पायांची दुसऱ्याकडे. बारीक तंतूंना इजा करणारा स्वयंप्रतिकार विकार हा एकच नव्हे. ल्युपस, गव्हातील ग्लुटेनमुळे होणारा सीलिअॅक आजार यांतही तसे होते, आणि प्रतिकारशक्तीच्याच बिघाडाशी जोडल्या जाणाऱ्या सार्कॉइडोसिसमध्येही.

तरीही स्वयंप्रतिकार हा शब्द उच्चारण्याआधी त्यांनी बाकीची कारणे एकेक करून तपासली, आणि या क्रमाचे महत्त्व मला फार वाटते. उपाशीपोटीची साखर ठीक होती, तरी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी पुन्हा रक्त घेतले. कारण १४० ते १९९ या मधल्या पट्ट्यातली साखर, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावरची अवस्थाही या विकाराशी जोडलेली आढळते. ब-१२, थायरॉइड, एचआयव्ही, हिपॅटायटिस-सी, रक्तातील प्रथिनांची तपासणी झाली. दारूचा प्रश्न त्यांनी तिलाही विचारला, आणि तिने हसत उत्तर दिले. मग त्यांनी विचारले, की ताकदीच्या म्हणून किती गोळ्या आणि इंजेक्शने घेतली. अडीच वर्षांत ब-जीवनसत्त्वांच्या गोळ्या तर रोजच्याच होत्या. ब-६ जीवनसत्त्व दीर्घकाळ जास्त मात्रेत घेतले तर ते स्वतःच संवेदनेच्या मज्जातंतूंना इजा करते, हे तोवर आम्हाला कुणी सांगितले नव्हते. मुंग्या आल्या की केमिस्टच्या काउंटरवरून बी-कॉम्प्लेक्स मागून घेण्याची आपल्याकडची सवय पाहता, हे वाक्य कुणीतरी मोठ्या अक्षरांत लिहायला हवे.

आणि त्यांनी कुष्ठरोगाची तपासणी केली. हा शब्द ऐकून आम्ही दोघेही गप्प झालो, हे कबूल करतो. पाठ, हात, पाय उजेडात पाहून बधिर चट्टा कुठे आहे का ते शोधले. कोपराच्या मागची आणि गुडघ्याच्या बाहेरची नस बोटांनी चाचपून ती जाड झाली आहे का ते पाहिले. आमचे चेहरे बघून त्यांनी समजावले, की कुष्ठरोगाचा जंतू त्वचेतल्या बारीक तंतूंवरच हल्ला करतो आणि ऊन-गार न कळणे हे त्याचे जुने लक्षण आहे. राष्ट्रीय पातळीवर २००५ साली हा रोग सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून संपल्याचे जाहीर झाले, याचा अर्थ १० हजार लोकसंख्येमागे रुग्ण एकापेक्षा कमी झाले एवढाच. रुग्ण संपले असा नाही. बहुविध औषधोपचार सरकारी केंद्रात मोफत मिळतो आणि रोग पूर्ण बरा होतो. अशा रुग्णाला मूळ रोगावर औषध न देता प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे दिली गेली तर काय होईल, याची कल्पना करावी. परदेशी माहिती वाचून स्वतःचे निदान करणाऱ्या आपल्या सुशिक्षित मंडळींच्या यादीत हे कारण सहसा नसते. ठाणे-पालघर भागात ते असायलाच हवे.

शोग्रेनच्या तपासातही पुन्हा तोच अनुभव. खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवून ५ मिनिटांत ती किती भिजते ते पाहतात. ५ मिलिमीटर किंवा त्याहून कमी म्हणजे डोळा कोरडा. तिची ३ भिजली. पण रक्तातील ‘अँटी-रो’ या प्रतिद्रव्याची (अँटीबॉडीची) तपासणी निगेटिव्ह आली, आणि मला वाटले, झाले, पुन्हा ‘नॉर्मल’! संधिवाततज्ज्ञांनी मात्र तिथे न थांबता खालच्या ओठाच्या आतून लहान लाळग्रंथींचा नमुना घेतला. त्यात पांढऱ्या पेशींचे पुंजके सापडले. ज्या रुग्णांत मज्जातंतूंची तक्रार मुख्य असते, त्यांच्यात रक्ताची तपासणी निगेटिव्ह आणि ओठाची पॉझिटिव्ह असे घडते, हे त्यांना ठाऊक होते.

बारीक तंतूंचे नुकसान सिद्ध करण्याचा मार्ग म्हणजे त्वचेची पंच बायोप्सी. घोट्याच्या बाहेरच्या हाडापासून १० सेंटिमीटर वर आणि मांडीवर, भूल देऊन ३ मिलिमीटर व्यासाचा तुकडा काढतात. टाकाही घालावा लागत नाही. पण इथे आमच्या बाबतीत जे घडले ते इतरांच्या उपयोगी पडावे म्हणून लिहितो. पहिला नमुना एका नर्सिंग होममध्ये नेहमीच्या फॉर्मलिनच्या बाटलीत टाकला गेला आणि वाया गेला. या तपासणीसाठी वेगळे द्रावण लागते. साध्या फॉर्मलिनमध्ये बारीक तंतू तुटक दिसू लागतात आणि मोजणीचा भरवसा राहत नाही. नंतर नमुन्याचे ५० मायक्रॉन जाडीचे काप करून पीजीपी ९.५ या प्रथिनाला चिकटणाऱ्या रसायनाने ते रंगवतात, आणि त्वचेच्या वरच्या थरात शिरणारे तंतू मिलिमीटरमागे किती ते मोजून वय आणि लिंग यांनुसार ठरलेल्या आकड्यांशी ताडतात. युरोपातील मज्जातंतू तज्ज्ञांच्या संघटनांनी त्याची पद्धत २०१० मध्ये ठरवून दिली आहे. नेहमीच्या पॅथॉलॉजीत याहून कितीतरी पातळ काप करतात, म्हणून हे काम ज्यांच्या हातात रुळले आहे अशाच प्रयोगशाळेत व्हावे लागते. नमुना घेण्याआधी बाटली आणि द्रावण त्या प्रयोगशाळेकडूनच मागवून घ्यावे. दुसऱ्या खेपेस आम्ही तसे केले. मोजणी तिच्या वयाच्या खालच्या मर्यादेपेक्षा स्पष्टपणे कमी निघाली. कागद हातात आल्यावर ती रडली. आजार सिद्ध झाल्याचा आनंद होण्याची वेळ माणसावर यावी, हे बरे नव्हे.

ही तपासणी नुकसान दाखवते, कारण दाखवत नाही, हेही सांगितले पाहिजे. ती नॉर्मल आली तरी रुग्ण खोटे बोलतो असा निष्कर्ष काढू नये. नाहीतर एका गेजऐवजी दुसऱ्या गेजवर तोच अंधविश्वास.

उपचारांचे दोन भाग आहेत. पहिला वेदनेचा. प्रीगॅबालिन, गॅबापेंटिन, ड्युलोक्सेटिन, अमिट्रिप्टिलिन ही या वेदनेवर वापरली जाणारी औषधे. त्यांपैकी अमिट्रिप्टिलिन तिला पूर्वी देण्यात आले होते आणि त्याने तोंड आणखी कोरडे पडून उभे राहताना येणारी भोवळ वाढली होती. दोन्ही त्या औषधाचे ज्ञात परिणाम आहेत. मूळ आजार कोरडेपणाचा आहे हे माहीत असते तर ते बहुधा निवडले गेले नसते. आता तिला ड्युलोक्सेटिन आणि रात्री थोडे प्रीगॅबालिन चालू आहे. रक्तदाबासाठी पाणी, डॉक्टरांनी ठरवून दिलेले मीठ आणि पायांना घट्ट मोजे. डोळ्यांत थेंब. कढत पाण्याची परीक्षा आता कोपराने होते, तान्ह्या बाळाच्या अंघोळीला करतात तशी.

दुसरा भाग प्रतिकारशक्तीला आवर घालण्याचा, आणि इथे घाई नडते. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात जीबीएसचे (गुलियन-बारी सिंड्रोम, म्हणजे प्रतिकारशक्ती मज्जातंतूंवर अचानक उलटण्याचा आजार) रुग्ण वाढले तेव्हा आयव्हीआयजी हे नाव मराठी वाचकांच्या तोंडी झाले. दात्यांच्या रक्तद्रवातून काढलेली ही प्रतिद्रव्ये जीबीएसमध्ये निर्विवाद उपयोगी आहेत. म्हणून अनेकांना वाटते, की मज्जातंतूंचा कोणताही स्वयंप्रतिकार आजार आयव्हीआयजीने बरा होईल. आमच्या इमारतीतील दोन शेजाऱ्यांनी तसे सुचवलेही. साधारण मात्रा वजनाच्या दर किलोला २ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ५ ग्रॅमच्या २४ बाटल्या, आणि बारीक तंतूंच्या विकारात ती पुन्हा पुन्हा द्यावी लागते. डोकेदुखी, रक्तात गुठळी होणे, मूत्रपिंडावर ताण हे तिचे धोके आहेत. नेदरलँड्समध्ये कारण न सापडलेल्या ६० रुग्णांवर झालेल्या चाचणीत, रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही कोणती बाटली खरी हे माहीत नसताना, आयव्हीआयजीचा फायदा खोट्या औषधापेक्षा वेगळा ठरला नाही. हा निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. टीएस-एचडीएस आणि एफजीएफआर-३ यांच्याविरुद्धची प्रतिद्रव्ये रक्तात सापडलेल्या रुग्णांवरील एका लहान चाचणीतही तेच दिसले. ज्यांचा स्वयंप्रतिकार आजार स्पष्ट आहे आणि नुकसान वाढत चालले आहे, अशा निवडक रुग्णांना लाभ झाल्याचे डॉक्टरांचे अनुभव प्रसिद्ध आहेत, आणि त्यांच्यासाठी तो निर्णय तज्ज्ञांनी घ्यावा. पत्नीच्या संधिवाततज्ज्ञांनी आधी क्षयरोग आणि हिपॅटायटिस-बी नाही याची खात्री करून घेतली, मग मोजक्या काळासाठी स्टेरॉइड दिले, साखरेवर लक्ष ठेवले, आणि आयव्हीआयजी तूर्त लांबवली. आग पूर्ण गेलेली नाही. ती गुडघ्यापर्यंत होती, आता पावलांपुरती आहे, आणि गेल्या जूनपासून पत्नी पुन्हा पूर्ण वेळ शाळेत जाते. मज्जातंतू वाढतात ते फार हळू, म्हणून महिन्यांच्या हिशेबाने नव्हे, वर्षांच्या हिशेबाने बघा, असे आम्हाला सांगितले आहे.

खर्चाचे फार लिहीत नाही. विमा कंपनीने एनसीव्ही नॉर्मल असल्याचे कारण देऊन दावा एकदा परत पाठवला, म्हणजे तो शब्द तिथेही आमच्या आधी पोहोचला होता. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेतील ५ लाखांचे संरक्षण मोलाचे आहे, पण ती रुग्णालयात भरती झालेल्यांच्या ठरावीक उपचारांची योजना आहे. हा आजार अडकतो तो बाह्यरुग्ण विभागात, निदानाच्याही अलीकडे.

माझी मागणी त्यामुळे महागड्या यंत्राची नाही. कळव्याला ठाणे महापालिकेचे वैद्यकीय महाविद्यालय आहे, वाशीला नवी मुंबई महापालिकेचे रुग्णालय आहे; तिथे आणि खासगी केंद्रांतही एनसीव्हीचे अहवाल संगणकावरच छापले जातात. त्या अहवालाच्या तळाशी, शेऱ्याच्या लगेच खाली, एक कायमची ओळ घालायला शाई सोडून काही लागत नाही. पायांची आग किंवा ऊन-गार न कळणे अशी तक्रार असलेल्या रुग्णाला गार वस्तू, टोचणी आणि उभ्याने रक्तदाब एवढे तरी बाह्यरुग्ण विभागात पाहिले जावे, अशी विनंतीही मी दोन्ही महापालिकांच्या आरोग्य विभागांना स्वतंत्र पत्राने करत आहे. त्या पत्रात ओळीचा जो मसुदा दिला आहे तो तज्ज्ञांनी दुरुस्त करावा, पण मराठीतच ठेवावा: ‘या तपासणीत मज्जातंतूंतील मुख्यतः जाड तंतू तपासले जातात; अहवाल नॉर्मल असूनही आग, टोचणी, ऊन-गार न कळणे किंवा उभे राहताना भोवळ हा त्रास असल्यास बारीक तंतूंच्या विकाराची तपासणी करून घ्यावी.’

आपला नम्र,
एक निवृत्त इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन, ऐरोली, नवी मुंबई